पिकअप, नग एक

३ नोव्हेंबर, सोमवार

लिफ्ट आली! पोर्टेबल कार लिफ्ट. दोन लांब लोखंडी फ्रेम, एक मोटर, दोन होज पाइप आणि एक पुस्तक. फ्रेम गाडीखाली सरकवायच्या, बटण दाबायचं, गाडी दोन फूट वर. खाली आपण ऐटीत स्टुलावर बसून काम करायचं.

आजपासून हिची पिकअप मी सांभाळणार. मेव्हण्याच्या गॅरेजकडे ढुंकूनही बघायचं नाही. गेल्या महिन्यात जेवताना सगळ्यांदेखत म्हणाला, भावोजींनी सत्तावीस वर्षं पाने वाटले, फिरवला एकही नाही. सगळे हसले. ही सगळ्यांत शेवटी थांबली.

कारखान्यात स्टोअरकीपर होतो मी. फिटर लोक खिडकीशी यायचे, स्लिप भरायचे, मी पाना द्यायचो. पाना काय, कुणीही फिरवतो. कुठल्या कामाला कुठला पाना, हे ज्याला कळतं तो खरा जाणकार.

४ नोव्हेंबर

घरच्या गॅरेजला शिस्त लावली. भिंतीवर बोर्ड, प्रत्येक अवजाराला नंबर. स्लिपबुक छापून आणलं. रकाने: वस्तू, नग, घेणार, देणार, परतीची तारीख. जी वस्तू परत यायचीच नाही, म्हणजे ग्रीस, पुसायच्या चिंध्या वगैरे, तिच्यापुढे तारखेच्या रकान्यात आडवी रेघ. कारखान्यात हीच पद्धत होती. ही आणि कन्या, दोघींना बसवून नीट समजावून सांगितलं.

कन्या (वय वीस, कॉलेज, तोंडाला कुलूप नाही) म्हणाली, बाबा, घेणार पण तुम्ही, देणार पण तुम्ही, मग सह्या दोन कशाला? असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

६ नोव्हेंबर

हिला मोठी ऑर्डर मिळाली. नव्या हॉस्पिटलच्या आवारासाठी तीनशे कुंड्या, वीस तारखेला सकाळी आठच्या आत. वेळेवर पोचल्या तर वर्षभर बाग सांभाळायचं कामही हिलाच. मग मागच्या अंगणातली नर्सरी हलवून ही रस्त्याकडेचा प्लॉट घेणार म्हणते. अकरा वर्षं त्या प्लॉटकडे बघतेय. मी म्हटलं, छान.

पिकअपचे ब्रेक किंचाळतात. ही म्हणाली, अहो, भाऊ रविवारी अर्ध्या दिवसात करून देतोय. मी म्हटलं, पंधरा तारखेला गाडी नव्यासारखी तुझ्या दारात. त्यावर काही बोलली नाही. याला म्हणतात विश्वास.

८ नोव्हेंबर

मापं घेतली. गॅरेजचा बीम जमिनीपासून आठ फूट. गाडीची उंची, कंपनीच्या पुस्तकात, पाच फूट दहा इंच. लिफ्टचे दोन फूट. बेरीज सात फूट दहा. वर दोन इंच मोकळे. याला प्लॅनिंग म्हणतात.

ही म्हणाली, गाडीला पण एकदा टेप लावून बघा की. म्हटलं, कंपनीने इंजिनियर काय शोभेला ठेवलेत? छापील आकडा असताना टेप लावणं हा त्या आकड्याचा अपमान आहे. सत्तावीस वर्षांत मी एकदाही माल मोजला नाही. चलनावर लिहिलंय तेवढा आला, विषय संपला.

९ नोव्हेंबर, रविवार

मेव्हणा टूलबॉक्स घेऊन दारात. दारातूनच परत लावला. म्हटलं, सातवी नापास माणसाच्या हातात गाडी द्यायचे दिवस गेले आता. बहिणीसमोर, भाचीसमोर बोललो. तोंड उतरलं बिचाऱ्याचं. फार बरं वाटलं.

जाताना वर बोट दाखवून काहीतरी सांगत होता. मी शटर ओढून घेतलं.

१० नोव्हेंबर

सकाळी १०. स्लिप क्र. १. वस्तू: लिफ्ट. नग: एक. घेणार मी. देणार मी.

१०.४०. बटण दाबलं. गाडी उठली! कट्, कट्, कट्. (थोड्या थोड्या उंचीवर लॉकचे दात बसत जातात, गाडी धाडकन खाली येऊ नये म्हणून.) डोळे भरून आले. कन्येला हाक मारली, व्हिडिओ काढ म्हणून.

१०.४२. प्रचंड आवाज. डोक्यात प्लास्टर.

११.१५. चौकशी पूर्ण. पिकअपच्या टपावर कॅरिअर आहे. शिडी आणि उंच रोपं ठेवायला मागच्या वर्षी मीच वेल्डिंग करून बसवलेलं. सव्वा फूट उंच. ते बीमला जाऊन भिडलंय. कंपनीच्या पुस्तकात कॅरिअरचा उल्लेखच नाही. चूक सरळसरळ कंपनीची.

११ नोव्हेंबर

गाडी खाली येत नाही.

पुस्तक, पान चौदा: खाली आणण्याआधी गाडी बोटभर वर उचलावी, मगच लॉकचे दात सुटतात. वर बोटभर जागा कुठून आणू? काल लिफ्ट जोरात होती, कॅरिअरचे पाइप लववून वर गेली आणि दातावर बसली. आज मोटर नुसती घुं करते आणि घरचा फ्यूज उडतो. म्हणजे खाली यायला आधी वर जायचं आणि वर जायला आधी खाली यायचं! हे पुस्तक लिहिणाऱ्याला एकदा समोर आणा माझ्या.

कॅरिअर कापायचा विचार केला. सोडून दिला. वेल्डिंग माझ्या हातचं आहे. तीन दिवस खपलो होतो. ते दहा ग्राइंडरना दाद देणार नाही. आणि ग्राइंडर आहे कुणाकडे? मेव्हण्याकडे.

१२ नोव्हेंबर

विचार केला, गाडीत वजन भरलं तर दबून खाली येईल. हिच्या खताची बारा पोती मागे चढवली. लॉक आणखी घट्ट बसलं. एक पोतं फुटलं. कंबर धरली. पोती उतरवायला हिला सांगितलं.

१३ नोव्हेंबर

वेळ सत्कारणी लावला. गाडी वर आहेच, तर चाकं काढली, ब्रेक उघडले. सगळे भाग ट्रेमध्ये नंबरवार. फक्त ब्रेकची एक स्प्रिंग हातातून सुटली आणि कुठे गेली देव जाणे. तिच्या स्लिपवर परतीच्या तारखेला रेघ मारली. नियम म्हणजे नियम.

कन्येच्या व्हिडिओत मी किंचाळताना दिसतो. मुळात ती सूचना होती. व्हिडिओ हिच्या अख्ख्या माहेरी पोचलाय. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक रोज सकाळी फाटकाशी थांबून विचारतात, काय, आज किती इंच? या माणसाने किती पोरांचं वाटोळं केलं असेल!

१५ नोव्हेंबर

हिने आठवण करून दिली, आज पंधरा. म्हटलं, गाडी तुझ्या दारातच आहे, जरा उंच आहे इतकंच. हसली नाही. भावाने केलेल्या कोटीवर बरं पोट धरून हसता येतं!

म्हणाली, मी भावाला बोलावते. मी ठणकावून सांगितलं, तो या गॅरेजमध्ये आला तर मी या घरात राहणार नाही. हिने कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाली, वीस तारखेपर्यंत मला भांडायला वेळ नाही. माघार घेतली. कुणी ठाम बोललं की हिचं असंच होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

नवा प्लॅन. बीमच छिन्नीने दीड इंच खरवडायचा. अर्धा तास काम केलं. वरची खोली कन्येची. तिने आवाज ऐकला, खाली येऊन बघितलं, एक शब्द न बोलता वर गेली आणि गादी ओढत हॉलमध्ये घेऊन आली. आजकालच्या मुलांत धाडस नाही.

१७ नोव्हेंबर

आज एक गोष्ट फार सफाईने केली.

माझ्या अंदाजाने गाडी चोवीसपर्यंत होईल. म्हणजे वीसचं जमत नाही. हिला सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून हिच्या ऑर्डरच्या कागदावरून नंबर घेऊन सरळ हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांनाच फोन लावला. गाडी वर अडकलीय असं सांगणं बरं दिसत नाही. घराची अब्रू असते. म्हटलं, रोपांनी अजून मुळं धरलेली नाहीत, आठवडाभर पुढे ढकला. ते म्हणाले, बरं झालं आधीच सांगितलंत. थँक्यू पण म्हणाले. सभ्य माणूस.

हिला निवांत सांगेन. खूश होईल, आठवडा मिळाला म्हणून.

१८ नोव्हेंबर

आज सांगणार होतो. ही कुंड्यांना नंबर लावत बसली होती. माझं बघूनच शिकली. हात कोपरापर्यंत मातीत. चांगल्या मूडमध्ये होती, म्हटलं मूड कशाला घालवा.

१९ नोव्हेंबर

ही सकाळपासून पानं पुसतेय. तीनशे कुंड्यांची पानं, एकेक, ओल्या फडक्याने. गुणगुणत होती. गाडीचं विचारलंच नाही. मला वाटलं, हिचं हिलाच कळलं असावं. उद्या सकाळी चहाबरोबर सांगून टाकू.

२० नोव्हेंबर

सकाळी ६.१०. फाटकाशी ट्रक! हिने भावाकडून मागवलाय. मला एका शब्दाने विचारलं नाही. कन्या आणि मेव्हणा कुंड्या चढवताहेत. लग्नाला तेवीस वर्षं झाली आणि नवऱ्यापासून लपवाछपवी? मनाला लागलं.

६.३०. सांगायला दोनदा बाहेर गेलो. पहिल्यांदा चप्पल तुटली. दुसऱ्यांदा मेव्हणा मध्ये उभा. त्याच्यासमोर नाही.

६.५०. ट्रक गेला. ही पुढे बसली होती, इस्त्रीचे कपडे घालून. मला हात केला. घाईत असलेल्या माणसाला अडवू नये.

१०.१५. ट्रक परत आला. तीनशेच्या तीनशे कुंड्या.

कन्येने सांगितलं ते असं. गेटवरच अडवलं म्हणे. तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता, मुळं खराब आहेत म्हणून, त्याच दिवशी आम्ही दुसऱ्या नर्सरीला काम दिलं. ते लोक आत कुंड्या मांडत होते. वर्षभराचं कामही त्यांनाच. ही तरी गेटवर उभं राहून त्यांना एका कुंडीतलं रोप उपटून मुळं दाखवत होती म्हणे, बघा, बघा म्हणून. कुणी बघितलं नाही.

१०.४०. ही ओरडली नाही. आरडाओरडा होणार म्हणून मी बाथरूममध्ये थांबलो होतो, ते उगीचच. बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं की मी मुळं सडली असं सांगितलं का. मी स्पष्ट सांगितलं, सडली म्हटलं नाही, धरली नाहीत म्हटलं. दोन्हींत फरक आहे. ही म्हणाली, हो, आहे. पटलं तिला.

प्लॉटचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही. कुंड्या उतरवायला मला कुणी बोलावलं नाही.

२१ नोव्हेंबर

मेव्हणा आला. शटर हिने उघडून दिलं. मी घरात राहणार नाही म्हटलं होतं, ते कुणाला आठवलं नाही, म्हणून मीही राहिलो.

ग्राइंडर आणला होता. लावावाच लागला नाही. आधी हातोडीने माझे जॉइंट नुसते वाजवून बघितले. चारपैकी दोन तेवढ्यानेच निघाले. तिसरा हाताने उपटला. चौथा आपोआप गेला. कॅरिअर बाजूला, गाडी बोटभर वर, दात सुटले, गाडी चार बोटं खाली आणून दाखवली. नऊ मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. मग पुन्हा वर घेऊन ब्रेक बसवायला लागला. हरवलेल्या स्प्रिंगची जोडी त्याच्या खिशात तयार. म्हणाला, ही उडतेच भावोजी, नऊ तारखेलाच आणली होती.

सतरा नंबरचा पाना त्याने स्लिपशिवाय घेतला. मी टोकलं. तिघांपैकी कुणी मान वर केली नाही.

एकदाही हसला नाही तो. हसायला हवा होता. हसला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

२२ नोव्हेंबर

सकाळी उठलो तर गॅरेज रिकामं. लिफ्ट आहे. एवढं मोठं गॅरेज आहे आपलं, कधी लक्षात आलं नव्हतं. अंगणात कुंड्या नाहीत, नुसते गोल ओले डाग. हॉलमध्ये गादी नाही. चहाचा ओटा पुसलेला.

स्लिपबुक बोर्डाखाली उघडं होतं. हिचं अक्षर.

वस्तू: पिकअप. नग: एक.

वस्तू: कुंड्या. नग: तीनशे.

वस्तू: मी. नग: एक.

त्याखाली कन्येचं अक्षर. वस्तू: मी पण. नग: एक.

घेणारच्या रकान्यात दोघींच्या सह्या. परतीच्या तारखेला चारही ओळींत आडवी रेघ. दोघींनी नीट लक्ष देऊन ऐकलं होतं तर.

दोनदा तपासलं. चूक कुठेच नाही. फक्त देणारची सही राहिली होती. पेन शोधलं आणि केली.