सुनओक आणि त्याची नक्कल

मी, दॉ ओन च्वे, वय चौऱ्याहत्तर, धंदा लाखकामाचा, राहणार म्यिनकबा, बगान, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. डोळे अधू झाले आहेत, डोके नाही.

आम्हा बौद्धांच्या मृत्युपत्राला कायद्यात किंमत नाही, असे वकिलांनी सांगितले. मी गेल्यावर सगळे धाकटा भाऊ उ ठून न्यो याच्याकडे जाईल. म्हणून जे द्यायचे ते आजच साक्षीदारांसमोर देऊन टाकले आहे. हा कागद फक्त कोणाला काय दिले आणि का, ते सांगण्यासाठी.

१. राहते घर, चिंचेचे झाड आणि भांडी वाळवायचे तळघर भावाची मुलगी मा ठे यी हिला बक्षीसपत्राने दिले. भावाची हरकत असेल. पंचाहत्तर सालच्या भूकंपात याच घराचे छप्पर बसले तेव्हा तो मंडालेत होता, आणि पुढची दोन वर्षे त्याला यायला सवड मिळाली नाही.

२. कानातल्या कुड्या ठे यीकडे दिल्या आहेत; त्या मोडून मी गेल्यावर सातव्या दिवशी भिक्खूंना जेवण द्यावे. त्या दिवशी पुण्यदानाचे पाणी तिनेच सोडावे. भावाने सोडू नये. त्याला चारचौघांत पुण्य वाटायची फार सवय आहे.

३. आता सुनओकविषयी. आमच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने केलेले, विहारात भात न्यायचे, कळसाच्या झाकणाचे ते लाल पात्र. बांबूच्या कामट्यांवर झाडाच्या काळ्या चिकाचे थर आणि वर अस्सल हिंगूळ. कळस किंचित डावीकडे कललेला. आधी आजी, मग आई, मग मी, दर उपोसथाच्या व्रतदिवशी ते डोक्यावर घेऊन विहारात गेलो. मी लग्न केले नाही. ते पात्र आणि ही भावाची पोर, एवढाच माझा संसार.

चौदा वर्षांपूर्वी पित्ताशयाचे ऑपरेशन करून मी इस्पितळातून परत आले. पात्र उचलले आणि हाताला कळले. कळस सरळ होता. आत नव्या चिकाचा वास होता.

तेव्हा एकोणीस वर्षांची ठे यी दारात हसत उभी होती.

"ओळखलंस ना, आत्या? मी केलंय! बाबा म्हणाले, जुनं दुरुस्तीला गेलंय, तोवर आत्याला हुबेहूब तसंच करून दे. आवडलं?"

हात मीच शिकवलेला. काम निर्दोष होते. मी म्हणाले, "आवडलं."

मग भावाकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "विकलं. परदेशी माणूस होता, जपून ठेवील. आणि मी काय दारू प्यायलो का त्याची? फया बांधतोय, ताई, बुद्धाचा स्तूप. पुण्याचंच पुण्य केलं."

"मला विचारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

टेकाडामागे त्याचा पांढरा फया उभा राहिला. तेव्हापासून गाव त्याला 'फयातगा', म्हणजे स्तूपदाता, म्हणते, वाटेत वाकून बाजूला होते. मी गप्प राहिले, कारण बोलले असते तर पोरीचे मन मोडले असते. हीच माझी चूक. मी गप्प बसले आणि बापाने तिला कामाला लावले. त्या परदेशी माणसाला आणखी जुनी पात्रे हवी होती. ठे यी नवी करी, धुराने काळवंडवी, चिखलाने घासी, कडा मुद्दाम फोडी; बाप ती जुनी म्हणून विकी. गावातला सर्वात चांगला हात खोटे म्हातारपण करण्यात गेला. तिला सगळे कळले तोवर ती त्यात रुतली होती. माझ्याकडे यायची थांबली. भावाला मी पात्राबद्दल एखादे वेळी माफ केले असते. याबद्दल नाही.

४. कोरायच्या सुया, सुऱ्या आणि सागवानी साचे ठे यीला. काल तिला बोलावून समोर ठेवले. ती हात लावेना.

"मला नको, आत्या. माझ्या नावाचं एकही भांडं नाही गं जगात."

"एक आहे," मी म्हणाले, आणि तिने मला दिलेले पात्र तिच्यापुढे उपडे घातले. "कोर."

ती बराच वेळ रडली. मग सुई घेतली आणि तळाला कोरले: ठे यी, म्यिनकबा, १९८७.

५. सदर पात्र भाऊ उ ठून न्यो यास. त्याने ते गेल्या महिन्यात स्वतः मागितले होते. "तुझ्यामागे ते मलाच दे हं, ताई. चौदा वर्षं वापरलंस, आता खरंच जुनं दिसतंय." आज सकाळी दिले. त्याने आधी तळ पाहिला.

"हे कोणी कोरलं? आता हे कोण घेणार?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "आता त्यात भात ने."

येणेप्रमाणे लिहिले, वाचून घेतले, खाडाखोड नाही.

सही: दॉ ओन च्वे

साक्षीदार:
उ पो लाइंग, बांबूकाम करणारे, शेजारी
दॉ सॉ म्याइंग, निवृत्त शिक्षिका

म्यिनकबा, १७ ऑक्टोबर २००१