छबूने ओवलेल्या सुया

रविवार, २९ ऑक्टोबर १९७२

दिवाळीचे पडदे काढायला ट्रंक उघडली आणि हाताला लागली ती निळी सुती साडी. पदरावरचं ते रफू! त्यावरून बोट फिरवलं आणि सगळी दुपार परत आली.

छबू तेव्हा सात वर्षांची. माझ्या धाकट्या भावाची, काकासाहेबाची, आईविना पोर. कोपरगावहून तिला माझ्याकडे आणून वर्ष झालं होतं. आम्हाला मूल नव्हतं, हेच म्हणाले होते, घेऊन ये तिला. मे महिन्यातली दुपार. मी ओट्यावर शाळेचे पेपर तपासता तपासता पेंगलेली. हे भूमापन कचेरीत, आणि नकाशे वाचायचं त्यांचं भिंग घरी विसरलेलं. जळका वास आला म्हणून दचकून उठले तर माझ्या पदराला भोक, आणि ही शेजारी उकिडवी बसलेली, डोळे एवढे करून! "आत्या, मी सूर्य एवढुसा केला!"

रागवायचं राहूनच गेलं. म्हटलं, "जाळलंस तू, आता दोरा ओव तू." पहिल्या फटक्यात ओवला. तेव्हापासून माझ्या घरातली प्रत्येक सुई छबूने ओवली. मुंबईच्या प्रयोगशाळेत लागली तरी दर सुट्टीत निघायच्या आधी डझनभर सुया रंगीत दोऱ्यांनी ओवून टाचण्यांच्या उशीत टोचून जाते. पुढच्या सुट्टीपर्यंत मला पुरतात.

आणि भोकं पाडायचं वेड काही गेलं नाही. आता ती लेसरने पाडते!

शुक्रवारी येतेय.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

छबू आली! वाळलीय. "जेवतेस की नाही?" म्हटलं तर म्हणते, "आत्या, हे तू मला स्टँडवरच विचारायचं विसरलीस, मी घाबरले."

संध्याकाळी बेसनाचे लाडू वळायला बसलो. चांगुणा भांडी घासत होती. पाथर्डीकडची ही बाई चार वर्षं माझ्याकडे कामाला आहे. यंदा दुष्काळात तिचा नवरा गावाकडे खडी फोडायच्या कामावर आहे. तिने विचारलं, "ताई, तुमी मुंबईला करता काय नेमकं?"

छबूने लाडू उचलला. "हा एका बाजूनं दाबला तर?"

"फुटतो."

"आणि सगळीकडून सारखा दाबला तर?"

"वळतो की."

"बस, तेच! मोहरीहून बारीक गोळी घ्यायची. तिच्यावर सगळ्या बाजूंनी एकदम लेसरचा प्रकाश सोडायचा. गोळी आतल्या आत अशी आवळते, अशी तापते की तिच्यातले अणू एकमेकांत मिसळून जातात. सूर्याच्या पोटात होतं तसं. त्यातून शक्ती मिळते."

बाहेरच्या देशांत यंदाच त्याचं गणित छापून आलं म्हणे. आपल्याकडे? "आपल्याकडे एकच किरण, आत्या. सूर्य नाही होत अजून. ठिणगी होते. पण काय ठिणगी असते!" तोच चेहरा. ओट्यावरचा.

"आन् गोळी कशाची?" चांगुणा.

"पाण्यातून जड हायड्रोजन काढतात, त्याची."

चांगुणाने पातेलं खालीच ठेवलं. "पानी जाळायचं? अवो, हितं प्यायला न्हाई! सावेडीला नळ येतो करंगळीएवढा, आन् ह्या पानी जाळत्यात!"

"समुद्राचं, चांगुणाबाई, समुद्राचं!"

"मंग आदी आमच्याकडं समुद्र धाडा."

किती दिवसांनी घरात एवढं हसू झालं.

एम.एस्सी. झाली तेव्हा मी दिलेलं चांदीचं कडं अजून हातात आहे. झोपतानाही काढत नाही. दर खेपेला मी ते चिंचेने घासून आरशासारखं करून देते. जूनमध्ये दिलं होतं तसं. आज चिंच भिजवली तर म्हणाली, "राहू दे आत्या, काळंच छान दिसतं." मुंबईची फॅशन असेल.

रविवार, ५ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. छबूने पणतीत तेल घालताना बाहेर ओतलं. दोनदा! यंदाच्या महागाईत! चांगुणाने तिच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने पुसून घेतलं. मी म्हटलं, लक्ष लॅबमध्येच ठेवून आलीय ही. "हो ना," म्हणाली.

बुधवार, ८ नोव्हेंबर

गेली. उशीत सुया टोचलेल्या. लाल, हिरवा, पांढरा, निळा. घर भरल्यासारखं वाटतं.

सोमवार, २० नोव्हेंबर

हिरव्या सुईने परकराचा काठ शिवायला घेतला. दोरा ओढला तर अडकला. दोऱ्याच्या टोकाला गाठ! लाल सुई बघितली. गाठ. सगळ्या दोऱ्यांना गाठी.

छबू गाठ मारत नाही. पुण्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅग्नेस आमचं शिवण उलटं करून बघायच्या आणि गाठ दिसली की सगळं उसवायला लावायच्या. गाठीऐवजी दोन बारीक टाके मागे घालायचे. मी छबूला तसंच शिकवलं. तिच्या हाताला गाठ माहीतच नाही.

चांगुणाला हाक मारली. "ह्या सुया कुणी ओवल्या?"

"ताईंनी."

"चांगुणा!"

"शपथ घातलीया, बाई."

"कुणाची?"

"तुमचीच की."

मग पदर तोंडाला लावून खालीच बसली. "लई खटपट केली वो त्यांनी. दोरा न्यायच्या सुईपाशी आन् जायचा बाजूला. मान अशी वाकडी. शेवटी म्हनल्या, तूच ओव, आत्याला कळू देऊ नको. उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई त्यास्नी. लेसर का काय म्हनत्यात, ते लागलं म्हनं."

ते पणतीचं तेल! आणि मी थट्टा केली होती.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

छबूला पत्र लिहिलं. फाडलं.

सोमवार, २७ नोव्हेंबर

डॉक्टर गुगळ्यांकडे गेले. त्यांची मुलगी माझ्या हाताखालून गेलीय, म्हणून मोकळेपणी बोलता आलं. सांगितलं की भाचीच्या उजव्या डोळ्याला लेसर लागलाय, वय अवघं तीस.

"डोळ्याचं भिंग तो प्रकाश नेऊन आतल्या पडद्यावर एकवटतं, बाई. सुईच्या टोकाएवढा भाग जळतो. पण नेमका मधला असेल तर..."

मी विचारलं, "माझा देता येईल का? डोळा. मला आता काय नवीन बघायचंय!"

हसले नाहीत, हे बरं केलं. "पुढची काच बदलता येते. तीही माणूस गेल्यावर दिली तर. पुण्यात करतात. मागचा पडदा नाही बदलता येत, बाई." मग चष्मा पुसत म्हणाले, "राहिलेला डोळा जपायला सांगा."

राहिलेला! आणि पोरगी रोज त्याच लेसरच्या टेबलावर वाकतेय.

रविवार, १४ जानेवारी १९७३

संक्रांतीला आली. आल्या आल्या तिळगूळ दिला आणि पुढ्यात सुईदोरा ठेवला. "ओव."

"आत्या, हातपाय तरी धुऊ दे."

"ओव."

सुईकडे बघत बसली. मग एकदम कपाळावर हात मारला. "गाठ! चांगुणाबाईंनी गाठी मारल्या. माझ्या लक्षातच आलं नाही!"

मग सगळं सांगितलं. ऑगस्टमधली गोष्ट. संरक्षणाचा हिरवा चष्मा लावून काचा नीट जुळवता येईनात, म्हणून जरासा वर केला. तो किरण डोळ्यांना दिसणारा नसतोच. कशावरून तरी उडाला. "आत टिक् झालं, आत्या. बस." आता त्या डोळ्याने ज्याच्याकडे बघेल तेच नाहीसं होतं, आजूबाजूचं दिसतं. "डावा डोळा मिटून तुझ्याकडे बघितलं ना, की तोंड गायब! नुसते कान. कुड्या मात्र झकास दिसतात."

मला हसवायला बघत होती. हसले. मग दोघी रडलो.

लॅबच्या साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं की टेबलावरून काढतील. "त्या काचा मी बसवल्यात, माझ्या हातांनी. मोठा प्रयोग तोंडावर आलाय. तिथे मी एकटी बाई. म्हणतील, बाईमाणसाचं काम नव्हे हे."

"त्या टेबलावर आणखी कोण वाकतं?"

"चौघं."

"म्हणजे आठ डोळे, छबू. शिवाय तुझा एक."

तिने सुई उशीत परत टोचली.

"तो किरण उडाला कशावरून?"

"होतं काहीतरी चमकणारं जवळ." स्वेटरची बाही पार बोटांपर्यंत ओढून घेतली. थंडीही आहे यंदा.

मंगळवार, १६ जानेवारी

गेली. सांगेन म्हणाली नाही. सांगणार नाही असंही म्हणाली नाही. एस.टी.च्या खिडकीतून मान वाकडी करून हात हलवला.

रविवार, ११ फेब्रुवारी

काल पत्र आलं. सांगितलं तिने!

साहेब आधी खूप ओरडले. मग खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. परत आले ते मनगटावरचं घड्याळ सोडतच. घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, सगळ्यांनी काढा. आता नियम झालाय. चष्मा लावल्याशिवाय लेसर सुरू करायचा नाही. घड्याळ, अंगठी, बांगडी, चमकणारं जे असेल ते दाराबाहेर ठेवायचं, त्यासाठी एक पुठ्ठ्याचा खोका ठेवलाय. छबूला टेबलावरून काढलं. मोजमापाची यंत्रं आहेत, त्यांच्यावरचे आकडे वाचायला बसवलंय. "डाव्या डोळ्याने वाचते, आत्या. अजून चुकले नाही."

तिच्या हातातलं काम मीच काढून घेतलं. पत्र घेऊन देवघरात बसले, तर प्रार्थनाही धड सुचेना. कॉन्व्हेंटातलीही नाही आणि आईने शिकवलेलीही नाही.

आणि पुठ्ठ्याचा खोका! छे! माझा शिवणाचा डबा रिकामा केला. पत्र्याचा, झाकणावर गुलाब असलेला, ह्यांनी आणलेला. काकासाहेब कारखान्याच्या कामासाठी मुंबईला निघालाय, त्याच्या हाती दिला.

"अक्का, डबा घेऊन मुंबईला जाऊ? तिथं डबे मिळत न्हाईत व्हय?"

"हा मिळत नाही," म्हटलं.

रविवार, १८ मार्च

टँकर आला नाही. पण पत्र आलं. मोठ्या प्रयोगात नव्या काचांतून पहिली ठिणगी पडली! आकडे आधी छबूने वाचले, मग साहेबांनी, मग सगळ्यांनी चहा मागवला. पुढच्या महिन्यापासून काचा पुन्हा तिच्याकडे, फक्त शेजारी एक जण उभा राहील. "झाकणावरचा गुलाब बघून आधी हसायचे सगळे. आता घड्याळ काढताना 'गुलाबात टाक' म्हणतात."

चांगुणाला वाचून दाखवलं. "ठिनगी पडली न्हवं? मंग लेकराला म्हनावं, आता समुद्राचं बघा."

रविवार, १५ एप्रिल

छबू आलीय. रंग सुधारलाय. सुया ओवायला चांगुणाशी वाटणी केली: "पांढऱ्या माझ्या, रंगीत तुमच्या." उजवा डोळा मिटून, जीभ दातात धरून ओवते. चौथ्या पाचव्या खेपेला जमलं तेव्हा चांगुणाने टाळ्याच वाजवल्या.

मनगट रिकामं! "कडं गं?"

"डब्यात सगळ्यांच्या वस्तूंत हरवेल, आत्या. तुझ्यापाशीच असू दे." पर्समधून काढून माझ्या मुठीत ठेवलं आणि चांगुणाशी पाण्यावरून भांडायला निघून गेली.

गुरुवार, १९ एप्रिल

छबू काल गेली. आज कडं चिंचेने घासलं. सगळं उजळलं. एक ठिपका मात्र जाईना. बोटाला लागतो. ह्यांचं भिंग काढून बघितलं. बारीकसा खळगा. गोल, कड वितळलेली. पदराला भोक पडलं होतं तसाच.

जूनमध्ये मीच आरशासारखं करून दिलं होतं. ऑगस्टात तेच तिच्या हातात होतं.

म्हणजे ती नुसती साहेबांपासून लपवत नव्हती, माझ्यापासून लपवत होती! आत्याला सुईचं नाक दिसत नाही, हे काय दिसणार, असं वाटलं असेल माझ्या बाळाला.

नाही दिसलं. मला काही दिसलेलं नाही.

काकासाहेबाला सांगून ठेवायचं, माझ्यामागे: भिंग छबूला. निळी साडीही तिलाच, रफूसकट. शिवणाचा डबा लॅबच्या दारात आहे, तो परत मागायचा नाही. माझे डोळे, म्हणजे पुढच्या काचा, कुणाला तरी उपयोगी पडतील, गुगळे डॉक्टरांना ताबडतोब कळवायचं.

कड्याचं मात्र उद्याच. सोनाराकडे मोडून चांगुणाच्या लेकीला, बनूला, पैंजण. छबूने विचारलं तर म्हातारीला हौस आली म्हणून सांगायचं.

आणि ही वही चांगुणाला. बंब पेटवायला. छबू पुढच्या सुट्टीला यायच्या आत.