कोपऱ्याच्या दगडाखाली

४ फेब्रुवारी

कुंपण वाकडं आहे. बेकरीवाला म्हणतो, सरळ आहे. म्हणणारच — त्याला तिथे दुसरी भट्टी बांधायचीय!

पलीकडे शिलाईवाल्या काकू. कुंपण त्यांच्या मशीनच्या खोलीपाशी येऊन थांबतं. त्याची रेघ तशीच मागच्या दगडी भिंतीपर्यंत ओढली तर खोलीची एक बाजू बेकरीवाल्याच्या जागेत येते. म्हणजे पाडायची. खोली गेली की काकूंचं पोट गेलं. मागच्या भिंतीपाशी कोपऱ्याचा मूळ दगड होता म्हणतात, तो कुणालाच सापडत नाही. मोजणीदार मी, म्हणून शोधायचा मी.

घरी आले. कुलूप, दिवा, कालची भाजी. दिवसभर काय झालं हे कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिते झालं.

५ फेब्रुवारी

ऑफिसच्या जुन्या नकाशावर सही कुणाची? बाबांची! दगड त्यांनीच बसवलेला.

साहेब हसून म्हणाले, "वडिलांचंच काम, मग तुम्हाला सोपं." सोपं! त्या माणसाने मला आयुष्यात काही सोपं करून ठेवलंय? जाऊन वर्ष होत आलं, अजून त्यांचं कपाट उघडायचा धीर होत नाही.

७ फेब्रुवारी

काकूंनी चहाला बसवलं. मशीन चालू ठेवून बोलतात. म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना मी पाहिलंय हो. अस्संच लांब नाक! धाकटी माझ्या पोटात होती तेव्हा. एकटेच मागे खणत होते, नेमकं कुठे ते आता आठवत नाही. पाणी मागितलं, आणि मग प्यायलेच नाहीत. भांडं तसंच बाजूला. कितीतरी वेळ त्या खड्ड्यापाशी बसून होते."

त्यांची धाकटी माझ्याहून आठ वर्षांनी लहान. म्हणजे मी सात-आठ वर्षांची, आई गेली ते वर्ष.

मग मशीन थांबवून विचारलं, "खोली राहील ना हो?" मी म्हटलं, बघू. दुसरं काय म्हणणार?

८ फेब्रुवारी

झोप नाही. बाबांची पद्धत आठवतेय. वरचा दगड कुणीही उपटतं, म्हणून त्याखाली न कुजणारं काहीतरी पुरायचं. बाकीचे मोजणीदार कोळसा टाकतात, काच टाकतात. बाबा कोळशासोबत घरातली फुटकी भांडी टाकायचे. कप फुटला की आई तुकडे पुढे करायची — "घ्या, तुमची हद्द आली!" आणि दोघं हसायची. बाबा हसताना मला आठवतात ते तेवढेच.

आई गेली आणि आठवड्याच्या आत तिचं सगळं घरातून नाहीसं झालं. कात्री, आरसा, कप. "कुठे गेलं?" तर "आता नको ते." बस्स. टाकून दिलं, असं मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं. त्यानंतर एका घरात दोघं राहिलो ते मीठ दे, दार लाव, एवढ्यावर. तिची आठवण येते का हो तुम्हाला? एवढंच विचारायचं होतं. शेवटी दवाखान्यातसुद्धा तोंडातून फुटलं नाही. आता कुणाला विचारू?

११ फेब्रुवारी

सापडलं! कुंपण का वाकडं ते सापडलं. ते चालत आलंय!

खांब कुजला की जुना खुंट उपटायचा कंटाळा. शेजारी नवा ठोकायचा आणि मोकळं व्हायचं. बेकरीच्या बाजूला गाड्या उभ्या, म्हणून नवा नेहमी काकूंच्या बाजूला. असं दर दुरुस्तीला वीतभर. कुणी चोरी केली नाही, नुसता आळस! आज पहारीने जुने खुंट उकरले. काही ठिकाणी लाकूडही उरलं नाही, फक्त गोल काळपट माती. त्या काळ्या ठिपक्यांवरून दोरी ताणली तर ती खोलीला न शिवता मागच्या भिंतीला भिडते. भिडते ती नेमकी बेकरीवाल्याच्या लाकडांच्या राशीखाली.

बेकरीवाला म्हणतो, "मातीच्या डागावर मी जागा सोडू होय?" खरं आहे. दगड किंवा त्याखालची खूण हवी.

१२ फेब्रुवारी

पाठ धरली. तेल गरम केलं. पाठीला आपला हात पुरत नाही.

१३ फेब्रुवारी

रास हलवताना बेकरीवाल्याने आधी कुरकुर केली, मग स्वतःच बाह्या सारून कामाला लागला. दगड नव्हता. हातभर खाली कोळसा लागला — मी ओरडलेच! तो म्हणाला, "बाई, बेकरीच्या मागे कोळसा सापडला यात नवल ते काय? तो आमचाच!"

मग खुरपं टण्ण वाजलं. हाताने माती बाजूला केली. कप. पालथा ठेवलेला. फुटका नाही. अख्खा! हिरवी किनार, आणि कडेला टवका.

तो टवका मी पाडलाय. आईने रागावून वर त्याच कपातून चहा प्यायला होता.

"एवढा चांगला कप कुणी पुरतं का?" काकू म्हणाल्या. त्या कोळशात बसून मी रडले, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन. हा कप कुणाचा हे सांगणारी आता जगात मी एकटीच. सांगितलं. बेकरीवाल्याने वाकून टवका पाहिला. "मग खोली राहिली काकूंची," म्हणाला. आत गेला आणि गरम पाव आणून माझ्या हातात ठेवला.

कप पिशवीत घालून घरी आणलाय. समोर आहे. धुवायचं धाडस होत नाही.

१५ फेब्रुवारी

कप परत ठेवून आले. पालथा, होता तसा. वर नवा दगड बसवला. खालची खूण काढून नेली तर काकूंचा कोपरा पुन्हा हरवेल.

आणि घरात ठेवून काय? घरातलं फुटतं, हरवतं. कोपऱ्याखालचं कुणी हलवत नाही. हे बाबांइतकं कुणाला ठाऊक होतं!

त्या वर्षी त्यांनी बसवलेले कोपरे नकाशावर पाहिले. बरेच आहेत. कात्री, आरसा… टाकलं नव्हतं काहीच. उकरणार नाही. ज्या दगडावरून भांडण नाही त्याला हात लावायचा नाही, हे त्यांनीच शिकवलं.

उद्या रविवार. त्यातल्या पहिल्या दगडापाशी जेवणाचा डबा घेऊन जाणार आहे.