समोरच्या व्यक्तीचं मत

प्रिय दशांश,

तुला पत्र लिहायला आता नियमानं काही हरकत नाही, याची मी आमच्या कायदा अधिकारी बाईंकडून खात्री करून घेतली आहे. त्यांनी विचारलं, पत्र कामाचं आहे की खासगी? मी म्हटलं, ते लिहून झाल्यावर कळेल. प्रशिक्षण संस्थेत सरांनी तुला दिलेलं हे नाव अजून कुणी वापरतं की नाही, देव जाणे. एवढ्या मोठ्या लेखापरीक्षकाला दशांश म्हणायची हिंमत तुझ्या कचेरीत कोण करणार? पण तुझं खरं नाव मी लिहून पाहिलं, तर पत्र नोटिशीसारखं दिसायला लागलं. म्हणून हेच.

त्या दिवशी तपासणीच्या बैठकीला येताना तू माझ्या दारावरची पाटी वाचत उभा होतास. 'मुख्य वित्त अधिकारी, रस्ते आणि पूल प्राधिकरण'. तुझ्या भुवया वर गेलेल्या मी काचेतून पाहिल्या. ही पाटी माझ्या वाट्याला कशी आली ते ऐक, म्हणजे भुवया खाली येतील. माझ्या आधीचे साहेब प्रकृतीच्या कारणावरून गेले. त्यांची प्रकृती ठणठणीत आहे, रोज सकाळी पोहायला जातात. प्रकृती बिघडली होती ती हिशेबांची. मग माझ्याहून ज्येष्ठ असलेल्या दोघांना विचारण्यात आलं. एकाला अचानक म्हाताऱ्या मावशीची सेवा करायची ओढ लागली. दुसऱ्यानं तर स्वतःच्याच बढतीविरुद्ध अर्ज केला, आणि तो इतका मुद्देसूद होता की वरच्यांनी लगेच मंजूर केला. उरले मी. घरी येऊन आईला सांगितलं, तर म्हणाली, सगळ्या रस्त्यांचा पैसा सांभाळणार म्हणे, आणि घरातली कात्री कुठे ठेवलीय ते सांगता येत नाही. आई हल्ली ऐकते कमी. बोलणं मात्र पूर्वीइतकंच आहे.

पहिल्याच आठवड्यात मी एक साधा प्रश्न विचारला: आपल्याकडे पूल किती? अंदाजपत्रक मांडायचं, दुरुस्तीला पैसे द्यायचे, तर निदान कशाला द्यायचे ते कळायला नको? बांधकाम विभागानं एक आकडा दिला, देखभालीनं दुसरा, विम्याच्या लोकांनी तिसरा. तिन्ही आकडे जुळवायला बसले तेव्हा मुख्य अभियंत्यांनी मला समजावलं की पूल ही तशी सापेक्ष गोष्ट आहे. त्यांनी ते इतक्या गांभीर्यानं सांगितलं की मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं. नंतर वाटलं, यांना घराच्या खोल्या विचारल्या तर काय सांगतील?

शेवटी मी सगळ्या विभागांच्या लेखापालांना एकत्र बोलावलं. खोली भरली, चहा झाला, आणि मी म्हटलं की मला खरे आकडे हवेत, जसे असतील तसे. सगळे टेबलाच्या लाकडाकडे बघायला लागले. तुला ठाऊक आहे ते बघणं, आपणही नवे असताना तसंच बघायचो. खरा आकडा सांगितला की पहिला प्रश्न येतो, मग इतकी वर्षं खोटा का दिलात? तेव्हा मी शब्द दिला: आता जो खरं सांगेल त्याला मागचं विचारणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला विचारूही देणार नाही. वित्त विभागाचं सगळं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या आकड्याखाली आपली सही करण्याचं. त्यातून मी माणसांनाही हमी देऊन बसले होते.

बैठक संपल्यावर सगळे गेले, एक जण मागे राहिला. त्याला ऑफिसात सगळे 'हळूबाई' म्हणतात, कारण तो कुजबुजतच बोलतो. त्याच्या विभागात एक पूल आहे, असं त्यानं सांगितलं. मी म्हटलं, उत्तम. तो म्हणाला, मॅडम, पूल आहे, पण नदी नाही. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी त्याला मोठ्यानं बोलायला लावलं आणि बाहेरच्या शिपायालाही ते ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी मी, मुख्य अभियंते आणि हळूबाई गाडी काढून गेलो. काय सांगू तुला, इतका सुंदर पूल मी आजवर पाहिला नाही. फिकट निळा, कठड्यांना पांढरी किनार, कुठे पोपडा नाही की गंजाचा डाग नाही. दरवर्षी रंगकाम होतं ना! नदी मात्र एका मोठ्या पुरात पात्र बदलून टेकडीच्या पलीकडून वाहायला लागली होती, आणि रस्ताही तिच्यामागोमाग तिकडे गेला होता. पुलावर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. खाली शेळ्या बसल्या होत्या, आणि गाडीचा आवाज ऐकून त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्हीच परवानगीशिवाय आत आलो होतो. मुख्य अभियंते बराच वेळ कठड्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, काम मात्र चोख आहे. मी हसायला लागले ते थांबेचना. हळूबाई घाबरून पाण्याची बाटली घेऊन धावला. इतकी वर्षं रंगाचं बिल त्याच्या टेबलावरून जात होतं. जागेवर जाऊन बघायचा भत्ता त्याला कधी मंजूर झाला नव्हता, पण बिल थांबवलं की वरून फोन यायचा.

आमच्या अध्यक्षांना तू त्या बैठकीत पाहिलंस. गोरेपान, पुढे पाण्याचा ग्लास, सतत घड्याळाकडे लक्ष. त्यांचं म्हणणं, पूल पुस्तकात राहू द्यावा आणि त्यापुढे 'नदीच्या पुनरागमनाच्या प्रतीक्षेत' अशी नोंद करावी. मी विचारलं, नदीशी पत्रव्यवहार कुणी करायचा? ते त्यांना आवडलं नाही. मी रंगाचं बिल अडवलं, पूल हिशेबातून वगळला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: पूल आहे, नदी नाही. हे चार शब्द कुणीतरी वर्तमानपत्राला दिले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर पूल, त्यावरच्या चादरी, आणि खाली शेळ्या. आईनं ते कात्रण देवाच्या फोटोशेजारी लावलं. कात्रीही तिलाच सापडली, हे वेगळं सांगायला नको.

मग जे व्हायचं तेच झालं. कुणाला तरी दोषी ठरवायचं होतं, आणि बळी द्यायला माणूस शोधताना नजर नेहमी खालीच जाते. अध्यक्षांनी हळूबाईच्या निलंबनाचा आदेश टाइप करून माझ्यापुढे ठेवला. तो दाराबाहेर बाकावर बसला होता. घरी काय सांगायचं याची तो तालीम करत असावा, ओठ हलत होते. माझ्या नोकरीची थोडीच वर्षं उरली आहेत, लेकीचं शिक्षण आत्ता कुठे संपलंय, हे सगळं मनात येऊन गेलं. मी काही फार शूर बाई नाही, तुला माहीत आहे. पण शब्द देऊन बसले होते. मी म्हटलं, "त्यानं खरं सांगितलं ते मी विचारलं म्हणून. नोंदीखाली सही माझी आहे. निलंबित करायचं तर मला करा." अध्यक्षांनी ग्लास उचलला, रिकामा होता तरी प्यायले. माझं निलंबन करायचं तर वर्तमानपत्रवाले पुन्हा येणार होते. त्यांनी कागद मागे घेतला आणि तासाभरात जाहीर केलं की या प्रकरणाचं बाहेरच्यांकडून विशेष लेखापरीक्षण व्हावं अशी त्यांचीच फार दिवसांची इच्छा होती.

प्रमुख म्हणून तुझं नाव आलं ते आम्ही घरी बातम्यांत ऐकलं. आईला एरवी दारावरची घंटा ऐकू येत नाही, पण हे बरोबर ऐकू आलं. म्हणाली, साखरेचा चमचा सुरीनं सपाट करून घेणारा मुलगा ना तो? मी हो म्हटलं आणि भांडी आवरायला गेले. भांडी आधीच आवरलेली होती.

आपल्या बदल्यांची गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही, कारण ऐकणारा हसतो आणि मग मलाही हसावं लागतं. प्रशिक्षण संपून आपल्याला दोन टोकांना नेमलं. तू मला न सांगता माझ्या शहरात बदली मागितलीस, मी तुला न सांगता तुझ्या. दोघांनाही दुसऱ्याला चकित करायचं होतं, आणि आस्थापना विभागानं आयुष्यात एकदाच झटपट काम केलं. दोन्ही अर्ज एकाच दिवशी मंजूर. मी तुझ्या शहरात पोहोचले तेव्हा तुझी खोली रिकामी होती, आणि घरमालकीणबाई मला सांगत होत्या की मुलगा फार आनंदात गेला हो. पुढची काही वर्षं बदली मागायची नाही, असा नियम होता. आधी पत्रं लांब होती, मग बेताची झाली, मग नववर्षाची कार्डं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

माझं लग्न झालं, चांगलं झालं. माणूस मोकळा होता, मोठ्यानं हसायचा, आणि पैशाची पाकिटं हरवायचा. तो गेल्याला आता बरीच वर्षं झाली. लेक दातांची डॉक्टर आहे आणि माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघते. तुझं लग्न झालं आणि मोडलं, हे कानावर आलं होतं. तेव्हा चार ओळी लिहायला बसले होते, पण त्यात सांत्वन किती आणि चौकशी किती हे मलाच ठरवता येईना, म्हणून राहिलं.

गेल्या आठवड्यात अहवाल आला. तुझ्या जागी ज्या बाई आल्या त्या फार कडक निघाल्या. त्यांनी आमच्या चहाचीसुद्धा बिलं मागितली. पण नोंद योग्य ठरली. हळूबाईवर ठपका नाही, उलट खरी माहिती दिल्याबद्दल त्याचं नाव अहवालात आहे. परवा तो पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलला. पंखा बंद करा, एवढंच म्हणाला, पण सगळ्यांनी वळून पाहिलं. वरून फोन कोण करायचं ते सापडलं, आणि आमच्या अध्यक्षांना आता खरोखरच्या प्रकृतीच्या कारणावरून रजेवर जावं लागलं आहे. तो पूल आम्ही गावाला देऊन टाकला. गावकऱ्यांनी विचारलं, रंगाचं काय? मी म्हटलं, तुम्हाला आवडेल तो लावा.

अहवाल येईपर्यंत तुला एक ओळही लिहायची नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून इतके दिवस गप्प होते. त्या पहिल्या बैठकीत तपासणीवर देखरेख करणाऱ्या समितीच्या बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला: तपासणीला आलेल्यांपैकी कुणाचं इथल्या कुणाशी काही नातं आहे किंवा होतं का? तुझी माणसं नाही नाही म्हणत पुढचं पान उलटत होती. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "होतं, असं माझं मत आहे. समोरच्या व्यक्तीचं मत मला माहीत नाही. म्हणून हे काम मी करू नये." नोकरीतलं शेवटचं मोठं काम तू असं ठेवून दिलंस, बॅग बंद केलीस आणि माझ्याकडे न बघता निघून गेलास. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, ही समोरची व्यक्ती कोण म्हणून. अध्यक्षांनी तर दचकून आपली खुर्ची मागे सरकवली. मला कुणी विचारलं नाही. ते उत्तर द्यायलाच हे पत्र आहे. समोरच्या व्यक्तीचं मत असं की होतं. आता आहे का, याबद्दल मात्र कागदावरून मत द्यायची माझी तयारी नाही. त्याला प्रत्यक्ष पाहणी लागते. रविवारी दुपारी घरी ये. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही, पण तिनं सकाळपासून पडदे धुवायला काढले आहेत.

तुझीच

(वर आधी 'आपली' लिहिलं होतं. ती खाडाखोड मीच केली आहे, म्हणून हिशेबाच्या नियमानं बाजूला सही करत आहे.)