चार बोटांची चूक

परळ, मुंबई
ता. ९ नोव्हेंबर १९६४

चि. सौ. कमळीस,

दादाचे आशीर्वाद. नामदेवरावांना नमस्कार, तुझ्या सासूबाईंना वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळी मजेत. तुम्हीही मजेत असाल असं धरून चालतो, कारण तू तर काही कळवत नाहीस.

भाऊबीजेला आली नाहीस. तुझ्या वहिनीनं दुपारपर्यंत पाट मांडून ठेवला होता, मग उचलून भिंतीला लावला. तुझ्या वाटणीच्या करंज्या मी खाल्ल्या आणि दोन दिवस पोट धरून बसलो. तुला बरं वाटलं असेल ऐकून.

तुमच्या मोरा बंदराहून येणारी माणसं लाँचमधून उतरली की तुझी खबर देतात. कोणी म्हणतं, कमळी वाळलीय. कोणी म्हणतं, कमळी आता बोलत नाही पूर्वीसारखी. म्हटलं, तोंड बंद ठेवणारी ती कमळी आमची नसेल, दुसरी कोणीतरी असेल.

माझं इस्पितळातलं काम तेच. गेल्या महिन्यात बोटीनं अमेरिकेहून तीन नव्या नळ्या आल्या. तू मेमध्ये पाहिल्यास ना, तशाच, लांब, बारीक, दाभणाएवढ्या जाडीच्या. दंडाच्या शिरेतून आत सरकवतात आणि पार काळजात नेतात. एकेक नळी जपून वापरावी लागते. वापरून झाली की मी ती आतून पाणी सोडून धुतो, औषधात बुडवतो, सरळ टांगून वाळवतो, कुठे मुडपली नाही ना ते बोटानं चाचपतो. डॉ. मुकादम म्हणतात, रोहिदास, घरच्या भांड्यांनासुद्धा तू एवढा जपत नसशील. तुझी वहिनी मागे उभी असती तर हो म्हणाली असती.

बरं, एक सहजच. नव्या नळ्या आल्याच आहेत तर तुझी तपासणी पुन्हा एकदा करून घेऊ म्हणतो. काळजीचं काही नाही. मेमध्ये झाली तशीच. डॉक्टरसाहेबही म्हणाले, बहिणीला बोलाव. पुढच्या आठवड्यात ये, दोन दिवसांचं काम.

आणि येईपर्यंत धक्क्यावरची मासळीची पाटी उचलू नकोस. पाणीही भरू नकोस. चढण चढताना थांबत थांबत जा. झोपताना उशाला जास्तीची उशी घे. हे सगळं आपलं असंच सांगतो.

उत्तर लगेच पाठव.

तुझा
रोहिदासदादा


परळ
ता. २१ नोव्हेंबर १९६४

कमळे,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी. मोऱ्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलीस ते मला चार ओळींत उभा जाळायलाच, असं वाटलं.

“मी येनार नाय. तूच सगल्यांसमोर बोललास ना दादा, यंत्र खोटा बोलत नाय म्हनून? मंग आता माझ्यात काय बगायचा हाय?”

बरोबर बोललीस. मागच्या पत्रात मी तुला नव्या नळ्यांच्या गोष्टी सांगितल्या, त्या खऱ्या होत्या, पण त्यासाठी तुला बोलावलं नव्हतं. आता खरं लिहितो. तीन कागद फाडून हा चौथा घेतलाय.

तुला आठवत असेल, टेबलाशेजारी एक दांडी उभी आहे आणि तिला एक धातूची डबी बांधलेली असते. नळीचं बाहेरचं टोक त्या डबीला जोडतात. आत रक्ताचा दाब केवढा आहे तो डबीला कळतो आणि कागदावर रेघ उमटते. पण डबी बरोबर काळजाच्या उंचीवर हवी. वर राहिली तर आकडा कमी येतो, खाली गेली तर जास्त. ते बघणं माझं काम. डॉक्टरांचं नाही, माझं.

आपले बाबा होड्या बांधायचे. होडी पाण्यात किती बुडते त्याची खूण ते फळीवर करायचे, आणि दर वर्षी होडी वर ओढली की ती खूण तासून नव्यानं करायचे. लाकूड पाणी पितं, होडी जड होते, जुन्या खुणेवर विसंबू नये म्हणायचे. मीसुद्धा दांडीवर खूण केली. तांब्याची चूक, हा एवढासा खिळा, ठोकली, बाबांसारखी. दर पेशंटला वाकून बघायला नको, डबी खुणेला बांधली की झालं. फार शहाणा समजत होतो स्वतःला.

एप्रिलमध्ये टेबलावरची कापसाची जाड गादी काढली आणि रबराची पातळ आली. मीच अंथरली ती. पेशंट चार बोटं खाली गेला. खूण होती तिथंच राहिली.

मेमध्ये तुझा आकडा बारा आला. बारापर्यंत ठीक धरतात. तुझ्या काळजाची झडप थोडी आवळलेली आहे, पण ऑपरेशन करण्याजोगी नाही, गोळ्या घ्या, असं डॉक्टर म्हणाले. एवढा दम लागतो म्हणते ते मात्र आकड्याशी जुळत नाही, कदाचित मनाचं असेल, असंही म्हणाले. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून म्हणाले.

तिथंच थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी तुला पोचवायला मोऱ्याला आलो. तुझ्या सासूबाईंच्या, येसूबाईंच्या ओट्यावर शेजारच्या पाच बाया बसलेल्या. मी पाय पसरून बसलो, चहा घेतला आणि साहेबासारखा म्हणालो, “काही नाही हिला. काळीज ठणठणीत. यंत्र खोटं बोलत नाही.” येसूबाई म्हणाल्या, “आयकलास गो? मी बोलत व्हते ना, नखरं हायत!” सगळ्या हसल्या. कमळे, मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाँच पकडायला आलो तर तू धक्क्यावर. डोक्यावर ओली पाटी. दर चार पावलांना थांबत होतीस, तोंड उघडं टाकून श्वास घेत होतीस. माझ्याकडे बघितलंस. मी हात हलवला आणि लाँचमध्ये चढलो. माझ्या डोळ्यांना दिसत होतं आणि मी माझ्या यंत्राचं ऐकलं. याची मला इतकी लाज वाटते की अजून तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही.

ऑक्टोबरमध्ये एक स्क्रू खाली पडला म्हणून मी गुडघ्यावर बसलो. नजर टेबलाच्या पातळीला आली. पेशंटची छाती एकीकडे, डबी तिच्या वर. त्या पेशंटची डबी मी गुपचूप खाली घेतली, आकडा नीट काढला आणि दोन तास नळ्या धूत बसलो. मग डॉ. मुकादमांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. “किती जण?” विचारलं. म्हटलं, अकरा. मला वाटलं, नोकरी गेली. मग म्हणाले, “नावं काढ. सगळ्यांना परत बोलवायचं. आणि ती खूण आत्ता माझ्यासमोर उपट.” उपटली. नोकरी राहिली, कशी ते त्यांनाच ठाऊक.

दहा जणांना ऑफिसातून टाइप केलेली पत्रं त्याच दिवशी गेली. अकरावी तू. मी म्हटलं, साहेब, ती माझी बहीण आहे, मी स्वतः लिहितो.

बारा दिवस लिहिलं नाही. त्यात दिवाळी होती. तू भाऊबीजेला येशील, मग तोंडानं सांगेन, असं म्हणत राहिलो. त्या बारा दिवसांतही तू पाटी वाहत होतीस. ही दुसरी चूक, आणि हिच्यात गादीचा काही दोष नाही.

कमळे, माझ्यावर रागाव, बोलू नकोस, जन्मात माझ्या दारात पाय ठेवू नकोस. पण तपासणीला ये. डबी मी बांधू नये असं वाटत असेल तर दुसरा बांधेल. नामदेवरावांना हे पत्र वाचायला दे, ते समजुतीचे आहेत. फक्त ये.

तुझा अपराधी
रोहिदास


परळ
ता. ६ जानेवारी १९६५

ती. येसूमावशींस,

रोहिदासचा साष्टांग नमस्कार. नामदेवराव, हे पत्र तुम्ही ओट्यावर बसून आईला मोठ्यानं वाचून दाखवा. त्या दिवशीच्या पाचही जणींना बोलवा. कमळी शनिवारच्या लाँचनं घरी येतेय आणि तिची अट आहे की तिच्या आधी हे पत्र तिथं वाचलं गेलं पाहिजे. ती इथं ऑपरेशनला तयार झाली तीच या अटीवर. मला म्हणाली, “तुझी माफी मना नको. मना खोटी पाडलीस त्या ओट्यावर, तितंच मना खरी कर.”

तर मावशी, ऐका. तुमची सून नखरे करत नव्हती. एक दिवससुद्धा नाही. तिला दम लागत होता तेव्हा खरंच लागत होता. मेमध्ये मी जे सांगितलं ते चुकीचं होतं. मोजायची डबी मी चार बोटं वर बांधली होती, त्यामुळे आकडा खोटा आला, आणि तो खोटा आकडा मी तुमच्या ओट्यावर बसून खरा म्हणून सांगितला. यात स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात.

गेल्या महिन्यात तिची पुन्हा तपासणी झाली. डबी कोणी बांधायची, विचारलं. म्हणाली, दादाच बांधेल, पण मी बघनार. टेबलावर आडवी, दंडात नळी, आणि मान वळवून माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. “वाक की जरा. कंबरडा मोडलाय काय तुझा?” डॉ. मुकादम तोंडाला बांधलेल्या फडक्याआड हसत होते. मी वाकलो, पट्टीनं मापलं, डॉक्टरांनीही मापलं. मग ती म्हणाली, आकडा मोठ्यानं सांग.

एकोणीस आला. मी मोठ्यानं सांगितला. मावशी, ती हसली. आजारी आहेस असं ऐकून हसणारी बाई डॉक्टरांनी कधी बघितली नव्हती. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि माझ्याही. हात मोकळे नव्हते म्हणून मी तसाच उभा राहिलो.

ऑपरेशन चांगलं झालं. सर्जनसाहेब म्हणाले, झडप इतकी आवळली होती की करंगळीसुद्धा शिरत नव्हती. आता मोकळी केली आहे. काल कमळी दोन जिने चढली, वर पोचल्यावर थांबली नाही, उलट नर्सबाईंशी हुज्जत घालत राहिली की इथल्या आमटीला चव नाही. तुमच्या हातचं सुकं मागतेय. तुझी सासू कशी आहे, असं नर्सबाईंनी विचारलं तर म्हणाली, तोंडानं तिखट हाय, पन पोटाला उपाशी ठेवत नाय. हे मी तुम्हाला सांगू नये असं तिनं सांगितलं होतं.

माझ्यामुळे आकडा चुकलेल्या अकरा जणांपैकी आणखी दोघांना ऑपरेशन लागलं. दोघंही बरी आहेत. बाकीच्यांना नव्हतंच लागणार. एवढं माझं नशीब.

आता सांभाळायचं ते असं. तीन महिने पाटी नको, हंडा नको. गोळ्या वेळेवर. घसा दुखला, ताप आला तर लगेच डॉक्टर, घरचा काढा नको. धक्क्यावर उतरेल तेव्हा गाठोडं तिच्या हातात देऊ नका. ती मागेल, तिचा हट्ट तुम्हाला माहीत आहे.

आणि एक विनंती. पुढे कधी ती म्हणाली की दम लागतोय, तर ते खरं माना आणि तिला बसवा. आकडा नंतर काढू.

तुमच्या सुनेला तुमच्याच ओट्यावर खोटी ठरवणारा, तिचा भाऊ
रोहिदास