पाण्यावरची मेंढरं

प्रिय सोनम,

रोज फोन होत असताना आईला पत्र लिहायचं खूळ कुठून सुचलं, असं वाटेल तुला. तुझ्या पप्पांनीही तेच विचारलं. पण फोनवर तुझा आवाज आला की मी ठरवलेलं सगळं विसरते आणि भलतंच बोलून बसते. म्हणून भांडी उरकून ओट्यावर लिहायला बसले. पप्पा याचा फोटो काढून तुला पाठवतील. पोस्टाच्या भरवशावर राहिले तर तुमच्या संघाची निवड होऊनही जाईल.

इकडे कारखाना सुरू झालाय. इंदापूरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमुळे एसटी हलत नाही. दिवाळीला तू आली नाहीस, तुझ्या वाटच्या चकल्या डब्यात मऊ पडल्या. पप्पा म्हणाले, "आता कोंबड्यास्नी तरी घाल." नाही घातल्या. घरात काही वेगळं केलं की दोन घास बाजूला काढायची सवय अजून जात नाही. मला तुझी फार आठवण येते गं. हे फोनवर म्हणता येत नाही.

बारामतीच्या कॉलेजचं ते शिबिर आठवतं का? आपल्या पळसदेवच्या बॅकवॉटरवर कॉलेजच्या सरांनी त्या वाऱ्यावर पळणाऱ्या शिडाच्या फळ्या आणल्या होत्या. मी घासाचा भारा टाकून काठावर बसायचे. मला पोहता येत नाही, तरी राखण माझीच! वारा वाढून पाण्यावर पांढरा फेस उठला की तुझे आजोबा म्हणायचे, "मेंढरं उठली." घरची खरी मेंढरं कधीच विकली, शब्द तेवढा राहिला. मला तेवढीच खूण ठाऊक. चार-दोन मेंढरं असली तर जा म्हणायचं, सगळं पाणी पांढरं झालं की पदर हलवायचा. बाकीच्या मुली हसायच्या, पण तू मला विचारल्याशिवाय कधी पाण्यात उतरली नाहीस.

ती सवय तू थेट रामेश्वरला, निवडीच्या सरावाला नेलीस. सकाळ झाली की समुद्राचा व्हिडिओ आणि मागोमाग फोन, "आई, जाऊ का?" पप्पा मला चिडवतात, "तू काय समुद्राची तहसीलदार हायस व्हय?" मला मात्र अभिमान वाटायचा. एवढी मोठी झालेली पोर अजून आईला विचारते. हे मी अख्ख्या गल्लीत सांगून आले.

मग ते वादळ आलं. तू समजावलंस की वादळ लांब समुद्रात असतं, पण त्याची लाट किनाऱ्यापर्यंत चालत येते. दोन लाटांत जितका जास्त वेळ, तितकी ती जास्त ताकदीची. लांबून संथ दिसते आणि काठाशी येऊन माणसाला आपटते. निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं. पण त्या दिवशीचं गढूळ पाणी बघून मी नको म्हणाले, आणि तिथल्या तुमच्या सरांनीही सगळ्यांनाच थांबवलं. तेव्हा मला काय भाव चढला होता म्हणून सांगू!

वादळ सरलं. सरांनी सुरक्षेची बोट ठेवली, मुली उतरू लागल्या. मी मात्र नकोच म्हणत राहिले. उद्या बघू, परवा बघू. तिथं तर रोजच मेंढरं, माझी खूण तिथं चालतच नाही, हे मला कळत होतं. लाटेत सराव नसलेल्या मुलीला संघात घेणार नाहीत, हेही तुझं सांगून झालं होतं. तू वाद घातला नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं.

आज संध्याकाळी आलेल्या व्हिडिओत तुझ्यामागून मुली पाण्यातून वर येत होत्या. हसत, केस पिळत. त्यांच्यात तुझी वेणी तेवढी कोरडी, सकाळी घातली तशीच. पप्पांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पोरगी काठावरच वाळली की गं." मी न जेवता उठले.

सोनम, आजचं नको समुद्रासाठी नव्हतंच. निवड झाली नाही तर तू घरी येशील, एवढाच हिशेब होता माझा. मला लाट कळत नाही, मला फक्त तू हवी आहेस, आणि अशा आईला पाण्याचं विचारू नये. तू बघ, सरांना विचार, लाटेतून परत येता येईल का ते आधी ताड. ज्या दिवशी तुला स्वतःला भीती वाटेल, त्या दिवशी कुणी कितीही हसलं तरी उतरू नकोस. पण उद्यापासून सकाळी मला फोन करू नकोस. मी उचलणार नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर कर, मग केव्हाही कर.

तुझीच,
आई