भैरूमामांची होडी आणि अर्धी गोणी कॉस्टिक

धनगरवस्ती, घोड धरणाच्या काठाला,
ता. शिरूर
मे १९९८

ती. हौशीरामदादा यांना मल्हारचा वाकून नमस्कार. रुपालीवहिनींनाही सांगणे. तुमची कंबर आता कशी आहे? कंपनीतली रात्रपाळी सुटली का? इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत, असं सुरुवातीला लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तेवढं एक वाक्य सोडून पुढचं सगळं खरं धरावं.

दादा, तुमच्या आबांची, म्हणजे आमच्या भैरूमामांची, होडी माझ्या हातून गेली. चोरीला गेली असती तर बरं झालं असतं. होडी इथंच आहे, लिंबाखाली, जिथं मामा पालथी घालून गेले होते तिथंच. पण गेली.

झालं असं, की मामांचा सांगावा आला. मामी गेल्यापासून त्यांनी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. (कोरेगावला तुमच्याकडं राहायला आल्यापासून चहा गार असला तरी बोलत नाहीत, असं वहिनीच मागं म्हणाल्या होत्या.) आणि यंदा त्यांनी सांगून पाठवलं, ‘पानी उतारलं आन् बिरोबाचं जुनं देऊळ वर आलं की मला होडीनं तिथवर न्हे. एकदा डोकं टेकवून येतो.’ धरणात बुडालेलं ते देऊळ भर उन्हाळ्यात जेमतेम शिखर वर काढतं आणि चहूबाजूंनी पाणी असतं, हे मी तुम्हाला काय सांगणार? होडीशिवाय तिथं वाट नाही.

आता होडी धड होती. थोडे पोचे आलेली, थोडी मळलेली, पण पाण्यात घातली असती तर निमूट चालली असती. प्रतिभा मला म्हणालीसुद्धा, “धुवा, रंगाचा एक हात मारा आन् गप बसा.” पण मला वाटलं, मामा इतक्या वर्षांनी काठावर उभे राहणार, तर होडी कशी नव्या नवरीसारखी दिसली पाहिजे. वरवर रंग फासणं मला पटेना. जुना रंग मुळापासून काढायचा आणि मग नवा द्यायचा, असं मी ठरवलं. (दादा, मी काही ठरवलं की प्रतिभा हल्ली कोंबड्या आत घेते.)

आधी खुरप्यानं खरवडून बघितलं. रंगाखाली रंग, त्याखाली आणखी रंग. मामा-मामी दरसाल शिमग्याला होडी रंगवायचे, आणि घराच्या दाराला आणलेल्या रंगातला जो उरेल तो होडीला. त्यामुळं वर निळा, खाली पोपटी, त्याखाली तुमच्या लग्नातल्या मांडवाच्या खांबांचा तो गुलाबी. दिवसभर खरवडून माझ्या हाताला फोड आले आणि होडीचा तळवाभर पत्रा उघडा झाला. शिरूरला जाऊन रंगाच्या दुकानात विचारलं, तर त्यानं रंग काढायच्या औषधाचा डबा पुढं केला आणि वर ॲल्युमिनियमला लावायचा वेगळा प्रायमरही काढून ठेवला. मला वाटलं, हा माणूस गिऱ्हाईक कापतोय. मी नुसता निळा ऑइलपेंट घेऊन बाहेर पडलो.

एस.टी.त बसल्या-बसल्या मला कॉस्टिक आठवलं. आमच्या साखर कारखान्यात गाळप संपलं की रसाच्या भांड्यांच्या नळ्यांतली खरड आम्ही कॉस्टिक सोड्यानं काढतो. दगडासारखी खरड सुटते, मग रंगाची काय कथा? मुकादमाला मस्का लावून अर्धी गोणी आणली. बादलीत घट्ट कालवलं, होडीच्या पालथ्या अंगाला थापलं, वर ओली गोणपाटं टाकली आणि मी जेवायला बसलो.

पहिल्या भाकरीलाच बाहेर चुर्रर्र आवाज सुरू झाला. प्रतिभा म्हणाली, “कोन तळतंय काय?” बघतो तर होडी तळली जात होती. गोणपाटाखालून वाफा निघत होत्या, फेस येत होता, लिंबावरचे कावळे उडून गेले होते. हात लावला तर पत्रा तव्यासारखा तापलेला. आणि खरं सांगतो दादा, त्या वेळी मला आनंद झाला! कारण गोणपाट उचललं तसा सगळा रंग दुधाच्या सायीसारखा एका झटक्यात निघून आला. मी प्रतिभाला म्हणालो, “बघ, ह्याला म्हंतात डोकं.”

आमच्या कारखान्यातल्या नळ्या लोखंडाच्या आणि होडी ॲल्युमिनियमची, आणि कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पाण्याच्या बादल्यांवर बादल्या ओतल्या तेव्हा कुठं ते थांबलं. पत्रा काळा पडला होता. सकाळी शेजारचे आण्णा आले, त्यांनी होडी एका बाजूनं उचलून आतून वर बघितलं आणि मलाही वाकून बघायला लावलं. होडीच्या तळातून ऊन आत येत होतं. एका भोकातून नाही. भोकं मोजायचं आण्णांनी मध्येच सोडून दिलं. “मल्हारी,” ते म्हणाले, “हिच्यातनं आता गहू चाळ.”

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण लिहवत नाही. वेल्डरनं ज्योत लावली तर पत्रा पापडासारखा आत गेला. मग मी प्रतिभाच्या पातेल्यांची झाकणं कापून ठिगळं ठोकली (त्या दिवसापासून आमच्याकडं आमटीवर ताट झाकतात), आतून डांबर ओतलं, वरून निळा रंग दिला. दिसायला इतकी देखणी झाली, की मी स्वतःच फसलो. पाण्यात घातली, दोन वल्ही मारली आणि मागं बघितलं तर निळ्या रंगाच्या पट्ट्या सापाच्या कातीसारख्या पाण्यावर तरंगत होत्या. मग पायाला गार लागलं. कमरेएवढ्या पाण्यात मी होडीसकट खाली बसलो. काठावर सगळी वस्ती होती. त्यांनीच होडी ओढून पुन्हा लिंबाखाली आणली. हसलं कुणी नाही, त्याचंच जास्त लागलं.

आता एकच सल राहिलीय. ती गोणपाटं मी उकिरड्यावर फेकली. मामीच्या हातचे सगळे रंग, सगळ्या शिमग्यांचे, त्यांनाच चिकटलेले होते. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर काही ओळखू येत नव्हतं.

लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
मल्हार

ता. क. – पत्र लिहायचं कारण असं, की आबांना तुम्ही काहीतरी सांगा. यंदा पाणी फार आटलंय, होडी चालत नाही, गाळ आहे, मगर दिसली, काय वाटेल ते. पण येऊ देऊ नका.

आणखी ता. क. – पत्र टाकायचं राहिलं, आणि मामा आले. तुम्ही त्यांना वहिनींच्या माहेरी वरवंडला लग्नाला धाडलं होतं ना, तिथून अक्षता टाकून परस्पर एस.टी. धरून इकडं आले. मी घरात लपलो होतो. प्रतिभानं बाहेर काढलं. मामांनी होडीभोवती एक फेरी मारली. ठिगळ उखडलेल्या एका भोकात बोट घातलं, फिरवलं, काढलं. मला वाटलं, आता काठी बसणार. ते म्हणाले, “निळा बरा हाय. तुझ्या मामीला पोपटी आवडायचा.” मग काठावर जाऊन देवळाच्या शिखराकडं बराच वेळ बघत उभे राहिले, तिथूनच हात जोडले आणि म्हणाले, “फुडल्या उन्हाळ्याला जाऊ.” दादा, त्यांचं वय तुम्हाला माहीत आहे.

शेवटचं – मगरीचं वगैरे काही सांगू नका. त्यांच्या गोळ्या आणि दुसरं धोतर तेवढं पाठवून द्या. होडी नीट झाल्याबिगर कोरेगावला येत नाही म्हणतात. रोज सकाळी चहा पिऊन (गरम नसला तर प्रतिभाला परत करून) हातोडी घेऊन लिंबाखाली बसतात. मी पत्रा धरतो, ते ठोकतात. पत्रा आता खिळा धरत नाही. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, आणि त्यांना तर माझ्याही आधी कळलं असणार. तरी दुसऱ्या दिवशी दोघंही पुन्हा बसतो. त्यांना इथंच राहू द्या.